कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची कथा

मनुष्याचा डोळा हे मोठे अद्‌भुत इंद्रिय आहे खरे. परंतु प्रकाशाच्या मोजमापाच्या कामी त्याच्याइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा मिळणार नाही. भर दुपारी उघड्या माळावर पडणारा प्रकाश आणि रात्री दिव्याखाली वाचावयास बसलो असता पुस्तकावर पडणारा प्रकाश, यांत सहज पाचशे ते हजार पटींचे अंतर असते. पण वर्तमानपत्र आपण दोन्ही ठिकाणी सारख्याच सुखाने वाचतो. बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल आपली संवेदनशक्ती कमीअधिक करते, आणि हा सारा हिशेब आपल्याला न विचारता आतल्या आत मिटविला जातो. उजेड किती होता, असे कोणी विचारले तर ‘पुरेसा होता’ एवढेच आपल्याला सांगता येते.

फोटोच्या फिल्मला असे सांभाळून घेणे ठाऊक नसते. तिच्यावरील चांदीच्या क्षारांना ठराविक प्रमाणातच प्रकाश लागतो. तो कमी पडला तर सावलीतले सर्व तपशील काळोखात बुडतात. अधिक झाला तर उजळ भाग पांढरेफटक होऊन जातात. भिंगाचे छिद्र किती उघडावयाचे आणि शटर किती वेळ उघडे ठेवावयाचे, या दोन गोष्टींनी ते प्रमाण ठरते. त्यालाच छायाचित्रकार ‘एक्स्पोजर’ म्हणतात. हे एक्स्पोजर ठरविण्याचे काम माणसाच्या अंदाजाकडून यंत्राच्या काट्याकडे कसे गेले, आणि जाताना काय मागे राहिले, याची हकीगत आज सांगावयाची आहे.

प्रारंभीच्या छायाचित्रकारांजवळ अंदाजाखेरीज काही नव्हते. इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करणाऱ्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला, आणि पुढे ते हैद्राबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. राजवाड्यांची, शिकारींची आणि दरबारांची त्यांची चित्रे आजही पाहणाराला थक्क करतात. दीनदयाळ १९०५ साली वारले. विजेवर चालणारा प्रकाशमापक बाजारात येण्यास त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे लागावयाची होती. ऋतू, प्रहर, आकाशाचा रंग, भिंतीवरून येणारी तिरीप आणि काचेच्या प्लेटीचा स्वभाव हे सर्व ध्यानात धरून त्या पिढीचे कारागीर काम करीत. ही विद्या हातात मुरलेली असे. ती दुसऱ्याला शिकविणे मात्र फार कठीण होते.

तिला आकड्यांचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. विडनेस गावच्या एका रासायनिक कारखान्यात फर्डिनंड हर्टर हे स्विस रसायनज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हे इंग्रज इंजिनियर एकत्र काम करीत. दोघांनाही छायाचित्रणाचा नाद होता, आणि दोघांनाही अंदाजपंचे कारभाराचा तिटकारा होता. प्लेटीवर किती प्रकाश पडला असता किती काळेपणा येतो, याचा नियम त्यांनी प्रयोगांनी शोधून काढला आणि १८९० मध्ये प्रसिद्ध केला. प्लेटीची ‘गती’ आकड्यात मांडण्याची शास्त्रीय पद्धत येथून रूढ झाली. त्यापूर्वी १८८८ मध्ये त्यांनी ‘अॅक्टिनोग्राफ’ नावाची एक सरकती गणकपट्टी तयार केली होती. महिना, वेळ, हवामान आणि प्लेटीची गती जुळविली की एक्स्पोजर समोर येई. मात्र सूर्याची उंची अक्षांशाप्रमाणे बदलत असल्याने एका प्रदेशाची पट्टी दूरच्या दुसऱ्या प्रदेशात चालत नसे. वस्तुतः हे यंत्र प्रकाश मोजीत नव्हते; पंचांगाप्रमाणे त्याचे भाकीत करीत होते.

प्रत्यक्ष प्रकाश मोजण्याची युक्ती त्याच सुमारास हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी काढली. त्यांच्या १८९० च्या मापकात प्रकाशाने काळवंडणाऱ्या कागदाचा लहानसा तुकडा असे. शेजारच्या ठराविक छटेइतका काळा होण्यास त्याला किती सेकंद लागतात हे मोजावयाचे, आणि त्यावरून एक्स्पोजर काढावयाचे. पद्धत सरळ आणि प्रामाणिक होती. पण मंद उजेडात कागद काळा होण्याची वाट पाहत बसावे लागे, आणि तेवढ्यात ढग सरकून जाई.

यापुढचा प्रकार ‘विलोपन’ मापकांचा. एका नळीत क्रमाक्रमाने गडद होत जाणाऱ्या काचेमागे आकडे अगर अक्षरे असत. नळीला डोळा लावावयाचा आणि अंधुकातले अंधुक कोणते अक्षर वाचता येते ते पाहावयाचे. ही मापके स्वस्त होती आणि १९२० ते १९४० च्या दरम्यान पुष्कळ खपली. परंतु त्यांत पंचाचे काम पुन्हा डोळ्याकडेच होते! उन्हातून आत आल्याबरोबर नळीत पाहिले तर एक अक्षर दिसे, आणि थोडा वेळ थांबून पाहिले तर त्याच्या पुढची दोन दिसत. ज्या साक्षीदाराला टाळावयाचे, त्यालाच न्यायासनावर बसविल्यासारखे ते झाले.

डोळ्याला या व्यवहारातून बाजूला काढणारे द्रव्य छायाचित्रणाशी काडीचाही संबंध नसलेल्या ठिकाणी सापडले. समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली जात असता तिची सतत परीक्षा करावी लागे. त्यासाठी मोठा विद्युत्‌रोध असलेला पदार्थ हवा होता, म्हणून विलोबी स्मिथ या इंग्रज इंजिनियराने सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या. पण त्यांचा रोध काही केल्या स्थिर राहीना. अधिक तपास करता आढळले की, कांडीवर उजेड पडला की रोध घटतो आणि झाकण घातले की वाढतो. हा शोध १८७३ मध्ये जाहीर झाला. केबलच्या दृष्टीने तो सेलेनियमचा दोषच. पण पुढे हाच दोष लाखमोलाचा ठरला. तीनच वर्षांनी, १८७६ मध्ये, अॅडम्स आणि डे या दोघा संशोधकांना दिसून आले की, सेलेनियमवर प्रकाश पडला असता बॅटरी न जोडताही वीज उत्पन्न होते.

या तत्त्वावर हातात मावेल असे उपकरण बनण्यास मात्र अर्धशतक लोटले. अमेरिकेत १९३० नंतर लवकरच असे मापक बाजारात आले; त्यांत वेस्टन कंपनीचे १९३२ चे ‘मॉडेल ६१७’ हे विशेष गाजले. त्याची रचना समजावयास अवघड नाही. धातूच्या चकतीवर सेलेनियमचा पातळ थर, आणि त्यावर प्रकाश आरपार जाईल इतका तलम असा दुसऱ्या धातूचा मुलामा. प्रकाश पडला की या दोन बाजूंमध्ये अगदी सूक्ष्म, म्हणजे अँपिअरच्या काही लक्षांश भागाइतका प्रवाह वाहू लागतो. चुंबकाच्या मधोमध बसविलेले नाजूक तारेचे वेटोळे त्या प्रवाहाने वळते, आणि त्याला जोडलेला काटा मोजपट्टीवर सरकतो. बॅटरी नको, किल्ली नको. जो प्रकाश मोजावयाचा, तोच काटा हलविण्याचे श्रमही करतो. इतके स्वावलंबी उपकरण विरळाच.

त्याच्या मर्यादाही याच गुणातून निघाल्या. पुरेशी वीज मिळावी म्हणून चकती मोठी ठेवावी लागे. संध्याकाळी किंवा घराच्या आत काटा जागचा हलेनासा होई. चकतीवर चहूकडून प्रकाश पडू नये म्हणून तिच्यापुढे माशीच्या डोळ्यासारखी अनेक लहान भिंगांची काच किंवा जाळी बसवीत. तरीही आकाशाचा मोठा तुकडा आत शिरून काट्याला फसवी.

तथापि आकडा हाती येताच दुसराही एक प्रश्न उभा राहिला. मापक अचूक असून काय उपयोग, जर फिल्मच्या गतीचे आकडे ज्याचे त्याचे निराळे? वेस्टनचे आकडे एक, जनरल इलेक्ट्रिकचे दुसरे. जर्मनीने १९३४ मध्ये ‘डिन’ हे प्रमाण ठरविले, अमेरिकेने १९४३ मध्ये ‘एएसए’ हे प्रमाण स्वीकारले, आणि पुढे १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ’ प्रमाणात दोहोंचा मेळ बसला. याच इतिहासातली एक गोष्ट मौजेची आहे. जुन्या एएसए आकड्यांत, वापरणाराचा अंदाज चुकणारच हे गृहीत धरून, भरपूर राखीव सोय ठेवलेली होती. १९६० मध्ये ती बरीचशी काढून टाकण्यात आली. त्यामुळे कोडॅकची ‘ट्राय-एक्स’ ही फिल्म, जी काल २०० ची म्हणून विकली जात होती, ती ४०० ची झाली. मधल्या तीस वर्षांत मापकांवर छायाचित्रकारांचा विश्वास बसला होता, आणि तो विश्वास आता फिल्मच्या खोक्यावर छापला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

मापक हातातून कॅमेऱ्याच्या अंगात शिरण्यास फार काळ लागला नाही. ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉन कंपनीने १९३५ मध्ये दोन भिंगांच्या ‘कॉन्टाफ्लेक्स’ कॅमेऱ्यावर सेलेनियमचा मापक बसविला. मात्र काटा पाहून आकडे आपल्या हाताने जुळवावे लागत. १९३८ मध्ये कोडॅकने ‘सुपर सिक्स-२०’ काढून एक मोठी उडी घेतली. यात खटका दाबताच आतली एक पट्टी काट्याला जागच्या जागी पकडी, आणि काटा जेथे सापडेल त्यावरून भिंगाचे छिद्र आपोआप लहानमोठे होई. कल्पना अत्यंत चतुर. पण किंमत २२५ डॉलर! आणि यंत्र नाजूक. असे कॅमेरे सुमारे सातशेच निघाले.

युद्धानंतर हीच कल्पना स्वस्त आणि दणकट होऊन परत आली. १९५९ ची ‘आग्फा ऑप्टिमा’ छिद्र आणि शटर ही दोन्ही स्वतः ठरवी. पुरेसा उजेड असला तर हिरवी खूण दाखवी, नसला तर तांबडी. १९६१ मध्ये जपानच्या ऑलिंपस कंपनीने योशिहिसा माइतानी यांनी रचलेला ‘पेन ईई’ आणला. त्यात सेलेनियमचे कडे भिंगाभोवतीच बसविलेले होते. उजेड अपुरा असला की दर्शिकेत तांबडी जीभ वर येई आणि शटर उघडण्याचेच नाकारी. घरातल्या कोणीही, शिकल्यावाचून, मुलाबाळांचे चित्र काढावे, हे स्वप्न या साध्या काट्याने पुष्कळ अंशी खरे केले.

आपल्याकडे मात्र परदेशी मालावरील निर्बंधांच्या त्या दिवसांत असे कॅमेरे थोड्यांच्याच हाती पडले. बडोद्यात तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक-३’ सारख्या साध्या कॅमेऱ्यावर असंख्य घरांतील लग्नमुंजी आणि सहली टिपल्या गेल्या. त्याला मापक नव्हताच. फिल्मबरोबर आलेल्या कागदावरचा ऊन, अभ्र आणि सावली यांचा तक्ता हाच त्या वेळचा मापक. आणि तो तक्ता काही वाईट नव्हता. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ वर ठेवावे आणि फिल्मची गती जितकी, सेकंदाचा तितकावा भाग शटर उघडावे, म्हणजे १०० गतीच्या फिल्मला सुमारे शंभरावा भाग, हा नियम आजही उपयोगी पडतो. कारण भर दिवसाचा सूर्य सहसा आपला भाव बदलत नाही.

१९६० नंतर सेलेनियमला एक प्रतिस्पर्धी भेटला, तो कॅडमियम सल्फाइड. हा स्वतः वीज निर्माण करीत नाही. प्रकाश पडला असता याचा विद्युत्‌रोध घटतो, आणि लहानशा बॅटरीतून येणारा प्रवाह त्या मानाने वाढतो. म्हणजे विलोबी स्मिथला दिसलेला पहिला चमत्कारच येथे नव्या रूपात कामाला लागला. श्रम बॅटरीने करावयाचे असल्याने घट मुगाच्या दाण्याएवढाही चालू शकला, आणि सांजवेळच्या उजेडातही काटा हलू लागला. घट इतका लहान झाल्यावर त्याला कॅमेऱ्याच्या आतच, भिंगाच्या मागे बसविण्याचा मार्ग मोकळा झाला. तेथे तो, भिंगातून फिल्मकडे जो प्रकाश जातो, नेमका तोच मोजू शकत होता. दूरचे भिंग लावा, जवळचे लावा, पुढे पिवळी काच बसवा. सगळ्याचा हिशेब आपोआप होऊ लागला.

या कल्पनेचा नमुना जपानच्या असाही कंपनीने १९६० मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात मांडला. पण बाजारात बाजी मारली ती १९६३ च्या ‘टॉपकॉन आरई सुपर’ने. आरशावर बारीक रेघा कोरून त्यांतून झिरपणारा प्रकाश मागच्या घटावर घेण्याची त्याची योजना होती. असाहीचा ‘पेंटॅक्स स्पॉटमॅटिक’ १९६४ मध्ये विक्रीस आला आणि जगभर पसरला. प्रथम योजना होती ती चित्रातील एका लहानशा ठिपक्याचा प्रकाश मोजण्याची. नावातला ‘स्पॉट’ त्याचाच. परंतु ठिपका कोठे धरावा हे सामान्य माणसाला कळणे अवघड, म्हणून शेवटी साऱ्या चित्राची सरासरी मोजण्याची रचना केली गेली. नाव मात्र जुनेच राहिले.

कॅडमियम सल्फाइडलाही खोड होती. प्रखर उजेड पाहिल्यावर त्याची आठवण त्याला काही काळ विसरता येत नसे, आणि मंद प्रकाशात तो सावकाश उत्तर देई. १९७० च्या दशकात सिलिकॉनच्या घटांनी ही उणीव भरून काढली. १९७५ च्या ‘ऑलिंपस ओएम-२’ मध्ये तर शटर उघडे असतानाच पडद्यावरून आणि फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजला जाऊ लागला. म्हणजे तराजू थेट मालाखालीच आला! १९८३ मध्ये ‘निकॉन एफए’ने चित्राचे पाच भाग पाडून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजला, आणि त्यांची तुलना करून निर्णय देण्याचे काम आतल्या सूक्ष्म गणकयंत्राकडे सोपविले.

श्रोतेहो, येथवर ही सुधारणेची सरळ चढती कमान वाटेल. पण या सगळ्या यंत्रांच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. मापकाला समोर काय आहे ते दिसत नाही. किती प्रकाश आला एवढेच कळते. जगातील दृश्ये सरासरीने मध्यम करड्या रंगाची असतात, असे तो धरून चालतो. त्या करड्याचा नमुना म्हणून, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा पुठ्ठा वापरण्याची चाल छायाचित्रकारांत आहे. बहुतेक दृश्यांना हे गृहीत लागू पडते, म्हणूनच बहुतेक चित्रे चांगली येतात. परंतु पणजीच्या टेकडीवरील शुभ्र चर्चसमोर मापक धरा. त्याला वाटते उजेड फार झाला, तो एक्स्पोजर कमी करावयास सांगतो, आणि चुन्याची भिंत मळकट निघते. वेरूळच्या कैलास लेण्यापुढे धरा. काळ्या पाषाणाला तो अंधार समजतो, आणि चित्रात त्या पाषाणाची राख होते. पांढरे लुगडे नेसलेली आजी आणि काळ्या घोंगडीतला धनगर, दोघांनाही तो एकाच करड्या रंगात बसवू पाहतो. गोऱ्या-सावळ्या चेहऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते.

यावर उपाय निघाले, ते माणसाच्या विचारातून निघाले. १९४० च्या सुमारास डॉन नॉरवुड यांनी मापकावर अर्धगोलाकार पांढरी टोपी बसवून, वस्तूवरून परतणारा प्रकाश न मोजता वस्तूवर पडणारा प्रकाश मोजण्याची रीत आणली. मग लुगडे पांढरे की घोंगडी काळी, हा प्रश्नच उरत नाही. त्याच सुमारास अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ‘झोन’ पद्धती मांडली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या कल्पावयाच्या, आणि मोजलेली वस्तू त्यांतील कोणत्या पायरीवर बसवावयाची ते छायाचित्रकाराने ठरवावयाचे, असे तिचे सार. आकडा मापकाने द्यावा, त्याचा अर्थ आपण लावावा.

या अॅडम्स यांचीच एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळून मोटारीने जात असता त्यांना एक दृश्य दिसले. डोंगरांवर चंद्र उगवला होता, आणि मावळत्या उन्हाची शेवटची किरणे दफनभूमीतील पांढऱ्या क्रूसांवर पडली होती. घाईघाईने कॅमेरा उभा केला, पण वेस्टनचा मापक सापडेना. ऊन तर कोणत्याही क्षणी जाणार होते. तेवढ्यात त्यांना आठवले की, पूर्ण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटास सुमारे २५० कँडल असते. त्या एका आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, छिद्र एफ/३२ वर ठेवून एक सेकंद शटर उघडले, आणि दुसरी प्लेट घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन सरकले. त्या चित्राच्या पुढच्या भागाला प्रकाश अपुरा पडला होता. त्यासाठी त्यांना पुढे अंधारखोलीत पुष्कळ खटपट करावी लागली. तरीही विसाव्या शतकातील सर्वांत ख्यातनाम छायाचित्रांत त्याची गणना होते. एरवी मापकावर निष्ठेने विसंबणारा हा मनुष्य. परंतु मापक काय सांगतो हे त्याने इतके नीट समजून घेतले होते की, मापक नसतानाही तो अडला नाही.

आज हा इतिहास पुन्हा उपयोगी पडू लागला आहे. आजोबांच्या पेटीतले जुने कॅमेरे तरुण मंडळी हौसेने बाहेर काढीत आहेत, आणि पहिला प्रश्न मापकाचाच येतो. सेलेनियमचा घट दमटपणाने व वयोमानाने दुबळा झालेला असतो. काटा हलतो, पण हलतो म्हणजे खरे सांगतो असे नव्हे. कॅडमियम सल्फाइडचे बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते. तिचा दाब अखेरपर्यंत स्थिर राही. पारा विषारी म्हणून अशा बॅटऱ्या बाजारातून गेल्या, ते योग्यच झाले. पण त्यांच्या जागी दीड व्होल्टची साधी बॅटरी घातली तर कित्येक कॅमेऱ्यांत काट्याचा हिशेब चुकतो. म्हणून जुना कॅमेरा वापरण्यापूर्वी त्याचा मापक स्वच्छ उन्हात एफ/१६ च्या नियमाशी किंवा दुसऱ्या खात्रीच्या मापकाशी ताडून पाहावा. अंतर नेहमी एकसारखे येत असेल तर फिल्मच्या गतीचा आकडा त्या मानाने बदलून काम भागते. ते दर वेळी वेगळे येत असेल तर तो काटा केवळ शोभेचा समजावा.

आणि एक लहानसा अभ्यासही करून पाहण्यासारखा आहे. मापकाकडे पाहण्यापूर्वी आपण स्वतः अंदाज करावा, तो मनाशी पक्का करावा, आणि मगच काट्याकडे वळावे. पहिल्या आठवड्यात फरक मोठा पडेल. महिन्याभरात तो पुष्कळ कमी होईल. ओसरीवरच्या उजेडात आणि माजघरातल्या उजेडात किती पायऱ्यांचे अंतर आहे, मळभ आले म्हणजे किती पायऱ्या उतरावे लागते, हे हळूहळू पाहताक्षणीच कळू लागेल. ज्या डोळ्याला आरंभी आपण बेभरवशाचा ठरविले, तोच मग मापकाला प्रश्न विचारण्याइतका तयार होईल.